डावी बाजू

ग्लॅडिसबाईंनी टेम्पोतून पिनबॉल उतरवला
तेव्हा माझ्या शेडमध्ये दोन नंबरप्लेटा वाळत होत्या
आणि एका दंतवैद्याची पाटी,
'दं'वरचा अनुस्वार द्यायचा राहिलेली.

चार माणसं, दोन शिव्या, एका पायाखाली वीट.
"रंगाचं तेवढं बघ," म्हणाल्या, "आतलं सगळं चालतंय.
मुलगा सांगतो, चकचकीत केला तर लोअर परळचा एक बारवाला
लाखाच्या वर देईल."

उजवी बाजू बत्तीस वर्षं भिंतीला टेकून होती.
तिथे निळं अजून निळं आहे.
लाल पोहण्याच्या कपड्यातली बाई
फळीवरून झेप घेते,
पायाची बोटंसुद्धा ताणलेली.

डाव्या बाजूला मार्वे रोडचं ऊन यायचं
दुपारी दोन ते पाच, शटर वर असेल तोवर.
तिथली बाई आता चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची.
पाणी कुठलं, आभाळ कुठलं, विचारू नका.

मला वाटलं, सोपं आहे.
उजवीवर बटरपेपर लावायचा, छाप घ्यायचा,
उलटा करून डावीवर ठेवायचा.
जन्मभर हेच केलं,
बंद पडलेल्या दुकानांची अक्षरं
नव्या दुकानांवर चढवली.

कागद ठेवला तर जुळेना.
गुडघा भलतीकडे. हात वर नाही, खाली.
रात्री दिवा घालवून बॅटरी आडवी धरली,
फळीला गाल लावून पाहिलं,
तेव्हा रंगाच्या कडा उठल्या, केसाएवढ्या.
ही उडी मारत नव्हती.
ही पाण्यातून बाहेर येत होती,
शिडीच्या दांड्यावर एक हात.
ऊन रंग घेऊन गेलं होतं, कडा ठेवून.

आणि बटणाच्या मागे, जिथे तळवा टेकतो,
तिथे कडाही नव्हत्या. अस्तर नव्हतं.
नुसतं लाकूड, उंबऱ्यासारखं गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, एवढं राहू द्या.
उन्हानं नेलेलं भरतो,
पण हे हातानं गेलंय, हे तुमच्या मिस्टरांचं...

"इग्नेशियस?" त्या हसल्याच.
"तो कधी एक बॉल खेळला नाही.
गल्ल्यावर बसून सुट्टे मोजायचा.
म्हणायचा, हलवायानं जिलबीला हात लावू नये.
हे सगळं लोकांच्या पोरांचं, शाळा बुडवून येणाऱ्या.
मशीनला ढुशा द्यायची,
टिल्ट झालं की आम्हालाच शिव्या.
त्यांच्या चार-चार आण्यांत माझी दोन्ही शिकली."

मग बराच वेळ त्या लाकडावर
त्यांनी अंगठा फिरवला,
कापडाचा पोत बघतात तसा.
"भर," म्हणाल्या. "त्याचे पैसे मिळाले तेव्हाच.
झिजलेलं दाखवून आणखी किती घ्यायचे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तरी म्हटलं, अर्धं करतो.
"मग अर्धे पैसे,"
आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

गुरुवारपर्यंत मुदत आहे.
दंतवैद्य येऊन अनुस्वार बघून गेला,
मशीनपाशी थांबला, बटणं दाबून पाहिली,
तळवा बरोबर तिथेच टेकला त्याचा. त्याला कळलं नाही.

नाणी टाकायच्या दाराच्या आतल्या अंगाला,
जिथे कोणी बघत नाही,
मी निळ्याचे पाच नमुने लावलेत, खाली पेन्सिलीनं आकडे.
ओला असताना तिसरा जुळतो. वाळल्यावर चौथा.
पण जुळतो तो उजवीशी.
डावीचं निळं पाहिलेली पोरं आता पन्नाशीत असतील,
त्यांना शोधून विचारलं
तर स्कोअर सांगतील.

आज फक्त शिडीचा दांडा आखून ठेवला.
पेन्सिलीनं. पुसता येतो.